लेन्स कुठली, ते नंतर; आधी नोव्हेंबरचा हप्ता थांबवा

लातूरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 28, एका खासगी क्लासच्या ऑफिसात दिवसभर संगणकावर काम, हातात पगार 32,000. चष्म्याचा नंबर उणे साडेतीन, शिवाय पावणेदोनचा सिलिंडर, म्हणजे ठरावीक कोनातला नंबर. डोळे कोरडे पडतात, संध्याकाळी चुरचुरतात. घरी स्थळं बघणं सुरू आहे आणि आईला चष्मा नको आहे. दुकानदाराने दोन पर्याय दिले: रोज नवी घालून फेकायची टोरिक, म्हणजे सिलिंडर नंबराची लेन्स, वर्षाला 60,000, नाहीतर महिनाभर वापरायची, सोल्युशन धरून 18,000. कुठली घेऊ, एवढाच प्रश्न.

पण पत्राच्या शेवटी लिहिलंय: "तसा हा खर्च पाचच वर्षांचा आहे. बँकेतल्या साहेबांनी पॉलिसी दिली आहे, वर्षाला 60,000. दोन हप्ते भरले, तिसरा नोव्हेंबरात. पाचव्या वर्षी पैसे काढून लेझर करणार."

ताई, लेन्सचं सांगतोच. पण आधी हे.

पॉलिसीचा कागद सोबत जोडलात ते फार बरं केलंत. पाचव्या वर्षी पैसे मिळतील असं त्यात कुठेच नाही. हप्ते 10 वर्षं, मुदत 15 वर्षं, शेवटी 9 लाख 60 हजार. सहा लाखांचे साडेनऊ लाख ऐकायला छान वाटतं, पण व्याज पडतं जेमतेम साडेचार टक्के. हेच पैसे याच पद्धतीने पीपीएफमध्ये गेले असते, तर आजच्या 7.1 टक्के दराने साडेबारा लाखांच्या आसपास झाले असते. विमा म्हणावा तर तो सहा लाखांचा. वडील औशाकडे सोयाबीन करतात, भाव पडला की घर तुमच्या पगारावर चालतं असं तुम्हीच लिहिलंय. त्या घराला सहा लाख किती दिवस पुरतील? याच वयात 50 लाखांचा साधा मुदत विमा वर्षाला सात-आठ हजारांत मिळतो. एफडी मोडायला आलेल्या मुलीच्या गळ्यात असली पॉलिसी मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आणि पाचव्या वर्षी पैसे आले असते, तरी लेझरचं काय? लेझरमध्ये बुबुळावरच्या बारीक नसांना धक्का लागतो आणि कोरडेपणा वाढतो. म्हणून डोळे आधीच कोरडे असतील तर डॉक्टर आधी त्यावर उपचार करतात, कधी लेझरला सरळ नाही म्हणतात. पॉलिसीला जोडलेल्या रायडरमधून, म्हणजे जादा संरक्षणाच्या कलमातून, लेझरचा खर्च निघेल ही आशाही सोडा. तो गंभीर आजारांचा रायडर आहे. स्वतंत्र आरोग्य विमा घेतलात तरी साडेसातच्या खालच्या नंबरासाठी केलेल्या लेझरचे पैसे कंपनी देत नाही, आणि चष्मा-लेन्सचे तर सहसा कुणीच देत नाही.

मग आता काय? तिसरा हप्ता भरू नका. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली, म्हणजे पॉलिसी मोडून पैसे घेतले तर किती, आणि पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून तशीच ठेवली तर मुदतीअखेर किती. दहातले दोन हप्ते भरलेत, म्हणजे पेड-अपला पाचवा हिस्सा, एक लाख नव्वद हजारांच्या आसपास यावेत, तेही 13 वर्षांनी. सरेंडरचे 80,000 च्या वर मिळत असतील तर घ्या आणि पीपीएफमध्ये टाका, 13 वर्षांत तिथे तेवढे होतातच. कमी मिळत असतील तर पेड-अप करून विसरून जा. 'दोन भरलेत, आता पूर्णच करू' असं घरचे म्हणतील. पुढच्या आठ हप्त्यांवर सुटतात पाच टक्के, त्यासाठी आणखी 4 लाख 80 हजार अडकवायचे नाहीत. पाच वर्षांची खोटी बोली झाली होती, हे कंपनीला लेखी कळवा. दाद नाही मिळाली तर विमा लोकपालाकडे जा, तिथे फी लागत नाही.

वाचलेल्या 60,000 मधून पहिल्यांदा स्वतःचा पाच लाखांचा आरोग्य विमा आणि तो मुदत विमा घ्या, दोन्ही मिळून पंधरा हजार धरा. उरलेले तुमच्या 80,000 च्या एफडीत घाला. घर तुमच्यावर आहे, तेव्हा सहा महिन्यांचा खर्च हाताशी हवाच.

आता लेन्स. सिलिंडर नंबराची लेन्स डोळ्यात ठरावीक कोनात बसून राहावी लागते, म्हणून टोरिक. ती जागेवर राहते पापणीच्या उघडझापीने आणि पाण्याच्या थराने. डोळा कोरडा असला की ती फिरते, अक्षरं मध्येच पुसट होतात, आणि माणूस नंबर चुकला समजून पुन्हा दुकानात जातो. तुमचे डोळे दुकानात तपासले गेलेत, कोरडे का पडतात ते कुणीच पाहिलेलं नाही. स्क्रीनकडे बघताना पापणी कमी लवते, उन्हाळ्यातला फुफाटा आणि स्कूटीवरची धूळ आहेच, पण पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबल्या असतील तर त्याला वेगळा उपचार आहे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत नेत्रविभाग आहे. आधी तिथे दाखवा.

डॉक्टरांनी होकार दिला तर दोन्हींत रोजची लेन्स बरी. तुमच्यासारख्या डोळ्यांना सोल्युशनमधली रसायनं आणि लेन्सवर साचणारा थर दोन्ही टोचतात. पण ती रोज घालायची असं कुणी सांगितलं? जोडी पडते 165 रुपयांना. महिन्यात दहा दिवस, बाकी चष्मा, म्हणजे वर्षाला 20,000. एवढे तुम्हाला झेपतील आणि डोळ्यांनाही विसावा मिळेल. महिन्याची लेन्स घेऊन तीन महिने ओढू, हा हिशेब मनात असेल तर काढून टाका. लेन्सचं पाकीट फोडल्यापासून महिना, मग घातली चार दिवस का असेना. आणि लेन्सला किंवा तिच्या डबीला नळाचं, बोअरचं, टँकरचं पाणी लावायचं नाही. त्यातल्या जंतूने बुबुळ कायमचं खराब होऊ शकतं.

दुकानदार वर्षभराची खोकी सवलतीत देतोय, ती घेऊ नका. आधी ट्रायलची जोडी मागा, ऑफिसात संध्याकाळपर्यंत घालून बघा, मग एकच खोकं घ्या. साधी टोरिक बसलीच नाही तर खाली द्रव धरून ठेवणारी मोठी स्क्लेरल लेन्स असते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत ती मापाने बसवून देतात, पण ती महाग आहे आणि तुमच्या नंबराला बहुधा लागणार नाही. डॉक्टर लेन्स नकोच म्हणाले, तर आईंना तसं स्पष्ट सांगा आणि चार-पाच हजारांचा चांगल्या काचांचा चष्मा करा. सिलिंडर त्यातही पूर्ण निघतो.