सर्व्हर फुकट, मग कमाई कुठून?

प्रश्न : माझा हळदीचा धंदा. मुलगा गेम बनवायला शिकतोय. तो म्हणतो, कन्सोलवाली (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र विकणारी) कंपनीच गेम बनवणाऱ्यांना क्लाउड सर्व्हर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायचे आपले कॉम्प्युटर, फुकट देते. यात गोम काय?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : मार्केट यार्डात सौदे केलेल्या माणसाला फुकटाचा संशय येणारच! पण मुलाच्या बोलण्याला आधार आहे; आज काय अटी आहेत ते मात्र तपासून घ्या. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन हा कन्सोल आणताना मायक्रोसॉफ्टने आपल्या ॲझूर नावाच्या क्लाउडवरचे मल्टिप्लेअर (अनेकांनी मिळून खेळायच्या गेमचे) सर्व्हर गेम बनवणाऱ्यांना मोफत देऊ केले. त्याआधी बऱ्याच गेममध्ये एका खेळाडूचा कन्सोलच यजमान व्हायचा, म्हणजे सगळ्यांचा खेळ त्याच्यावरच चालायचा. त्याने चिडून बटण बंद केलं की सगळ्यांचा डाव मोडायचा; वर त्याची गोळी इतरांच्या आधी लागायची. वेगळा सर्व्हर असला की ही कटकट मिटते, पण त्याचं भाडं छोट्या स्टुडिओला झेपत नाही.

कंपनीने ते का सोसलं? ऑनलाइन खेळायला गिऱ्हाईक वर्गणी भरतं, शिवाय विकल्या गेममागे कंपनीचा वाटा. अडत म्हणा ना! गोम एकच, आणि ती मोठी : गेम एकदा त्या सर्व्हरवर बेतला की दुसरीकडे हलवणं जिकिरीचं. मुलाला सध्या घरच्याच कॉम्प्युटरवर सर्व्हर चालवू द्या. चार दोस्तांना तो पुरतो.