सफारी नाही, जीप नाही, मग तिथे बघायचं काय?

या वेळी एकाच जागेबद्दल तीन पत्रं आलीत, हिमाचलमधल्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कबद्दल, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि आज फक्त हेच. माझी अत्यंत आवडती जागा आहे त्यामुळे उत्तरं जरा लांबतील.

प्रश्न : ताई, मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघं आणि मुलं (११ आणि १४ वर्षं) ग्रेट हिमालयन पार्कला जायचं ठरवतोय. सगळे मिळून सहा दिवस आहेत. सफारीचं बुकिंग ऑनलाइन कुठे होतं ते सापडत नाहीये. जीप कुठून मिळते आणि कुठले प्राणी नक्की दिसतात? ताडोबाला दोनदा जाऊन आलोय. – एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

सापडणार नाही, कारण सफारी नाहीच. पार्कच्या आत गाडीरस्ताच नाही. ताडोबाची सवय झाली की आपण नॅशनल पार्क म्हटल्यावर गेट, जिप्सी, सकाळची फेरी, दुपारची फेरी असंच धरून चालतो, पण हे वेगळं प्रकरण आहे, इथे जे काय बघायचं ते स्वतःच्या पायांनी.

आधी जागेचा अंदाज देते. कुल्लू जिल्ह्यात, बंजार तालुक्याच्या बाजूला, पार्कचा भाग ७५४ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या घरामागचं येऊर ज्याचा भाग आहे त्या संजय गांधी उद्यानाच्या सातपट तरी. १९८४ ला घोषणा झाली, १९९९ ला रीतसर पार्क झालं आणि २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. तीर्थन, सैंज, जीवा नाला आणि पार्वती या चार नद्यांची खोरी यात येतात. खाली नदीकाठी देवदार, वर ओक आणि भूर्ज, त्याच्या वर कुरणं आणि शेवटी सहा हजार मीटरच्या आसपासची बर्फाची शिखरं, हे सगळं एकाच उतारावर एकावर एक रचल्यासारखं आहे. म्हणून तर एवढ्याशा जागेत २०९ जातींचे पक्षी आणि ३१ जातींचे सस्तन प्राणी नोंदलेत.

आता "नक्की दिसतात" याचं उत्तर. हिमबिबट्या आहे, तपकिरी अस्वल आहे, कस्तुरीमृग, भरल (रानमेंढी), हिमालयन ताहर (रानबकरा) आहेत, पण नक्की कोणीच दिसत नाही. हिमबिबट्या तर खूप वर राहतो, तुमच्या ट्रिपमध्ये त्याचा विषयच नको. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दोन दिवसांत सगळं उरकायचं म्हणून भराभरा चालले आणि नदी सोडून काही म्हणजे काही पाहिलं नाही. दुसऱ्यांदा गेले तेव्हा आमचा गाइड दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबायचा, हातानं खूण करून खाली बसवायचा. एका वळणावर असेच बसलो होतो तर समोरच्या उतारावरून मोनाल पक्षी उडाला, उन्हात त्याचं निळं-हिरवं-तांबूस अंग असं चमकलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मुलांना हे बसणं शिकवा. १४ वर्षांच्या मुलाला पटकन जमेल, ११ वर्षांच्या हातात एक दुर्बीण द्या, मोबाइलची आठवण येणार नाही, आणि तसंही आत गेल्यावर रेंज जातेच.

सहा दिवस मात्र कमी आहेत. कल्याणहून राजधानी पकडली तर दुसऱ्या दिवशी दिल्ली, मग मनालीला जाणारी रात्रीची बस, औटचा बोगदा लागायच्या आधी उतरायचं (कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवा, नाहीतर झोपेत थेट मनालीला पोचाल), तिथून लारजीवरून बंजार आणि पुढे गुशैनी. जाऊन-येऊन चार दिवस यातच गेले. एकतर आठ-नऊ दिवस काढा, नाहीतर विमानानं चंदीगढ गाठा आणि तिथून सहा-सात तासांची गाडी करा.

गुशैनीत तीन रात्री तरी राहा. एक दिवस गावातच, छोईचा धबधबा जवळ आहे, मुलं सहज चालतील. दुसऱ्या दिवशी गाइड घेऊन पार्कच्या गेटकडे. गुशैनीपासून पुढे थोडं गाडीनं आणि मग पायवाट, रोला हा पहिला कॅम्प आठ-दहा किलोमीटरवर पडतो, जमेल तेवढं जायचं आणि मागे फिरायचं. वाट तीर्थनच्या काठाकाठानं आहे. हट्टानं रोलापर्यंत पोचायचंच असं अजिबात करू नका, अर्ध्यावर नदीकाठी डबा खाऊन परत आलात तरी चालेल. तिसऱ्या दिवशी गाडीनं जलोरी पास, ३१२० मीटर उंचीवर आहे, तिथून सेरोलसर तळ्यापर्यंत साधारण पाच किलोमीटर जंगलातून चालायचं. तळ्याकाठी बुढी नागिणीचं देऊळ आहे, लोक तिला तूप वाहतात. आणि पाण्यात पडलेलं पान एक छोटा पक्षी लगेच उचलून नेतो म्हणून तळं कायम स्वच्छ असतं असं तिथली माणसं सांगतात.

एक विनंती. हॉटेलपेक्षा गावातल्या होमस्टेत राहा. पार्क रीतसर झालं तेव्हा भोवतालच्या गावांचे आतले हक्क संपले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या कुरणांवर मेंढरं नेली, जिथून जडीबुटी आणि गुच्छी (रानातली अळंबी) आणून विकली, तिथे जाणं बंद झालं, म्हणजे जंगल राखल्याची किंमत या घरांनी भरलीय. आज त्याच घरांतली मुलं गाइड आहेत, पोर्टर आहेत, त्यांच्या आया सिड्डू करून वाढतात. आपले पैसे त्या घरात गेले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. सिड्डू म्हणजे आंबवलेल्या कणकेचा वाफवलेला उंडा, आत सारण, वरून तूप, मुलं चार-चार खातात.

प्रश्न : आम्ही चार मित्र, आयटीत आहोत. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग सगळं झालंय. जुलैमध्ये सुट्टी मिळतेय तर तेव्हा जाऊ का? आणि गाइड घ्यायलाच लागतो का, ॲपवर ट्रेल आहे. शिवाय आमच्यातला एक जण बर्डिंग करतो, ऐरोलीचे फ्लेमिंगो दर वर्षी शूट करतो, त्याला तिथला तो ट्रॅगोपॅन हवाय. – ऐरोली, नवी मुंबई

जुलै नको. अगदी स्पष्ट सांगते, नको. आपल्याला पावसातले ट्रेक आवडतात कारण सह्याद्रीचा कातळ पाणी अंगावरून वाहून जाऊ देतो, तिथला डोंगर मात्र पाण्यानं सुटतो, अख्खा उतार रस्त्यावर येतो. २०२३ च्या जुलैत पुरानं सैंजच्या बाजारातली कितीतरी घरं-दुकानं नेली. एप्रिलची अखेर ते जूनचा मध्य किंवा सप्टेंबर संपताना ते नोव्हेंबरची सुरुवात, या दोनच खिडक्या धरा आणि मॅनेजरकडे रजा त्याप्रमाणे मागा.

गाइड घ्यायलाच लागतो, आणि परमिटही. साई रोपा इथे, बंजारहून गुशैनीला जाताना, पार्कचं ऑफिस लागतं, ओळखपत्रं घेऊन जा, गाइड सहसा ती कामं करून देतो. ॲपवरची रेघ तुम्हाला काल रात्री कुठे दरड आली, कुठला लाकडी पूल गेला, अस्वल कुठल्या बाजूला फिरतंय हे सांगत नाही. अलंग-मदन करताना तुम्ही गावातला वाटाड्या घेतलाच असेल ना, तसंच हे.

फिटनेस तुमचा चांगला असणार, पण उंचीचा हिशोब करा. कळसूबाई १६४६ मीटर. रोलाचा कॅम्प, जो तिथे अगदी तळ समजतात, तोच त्याच्यापेक्षा वर आहे. रोलाहून शिल्ट या पुढच्या कॅम्पची चढण खडी आहे आणि तुम्ही तीन हजार मीटरच्या आसपास पोचता, पुढे रखुंडी त्याहून वर. पहिल्या वेळी रोला-शिल्ट-रखुंडी आणि परत, चार दिवस, एवढंच करा. तीर्थन नदीच्या उगमाचा, तीर्थचा ट्रेक मोठा आहे, तो पुढच्या खेपेला.

आता तुमच्या बर्डर मित्रासाठी. वेस्टर्न ट्रॅगोपॅनला तिथे जुजुराना म्हणतात, म्हणजे पक्ष्यांचा राजा, हिमाचलचा राज्यपक्षी आहे. सगळ्या पक्ष्यांकडून एकेक सुंदर पीस मागून देवानं हा बनवला अशी गोष्ट सांगतात, आणि नराच्या अंगावरचे पांढरे ठिपके, लालभडक मान, गळ्याखालचा निळा पडदा बघितला की ती खरीच वाटते. पण ऐरोलीला बोटीत बसून समोर हजारो फ्लेमिंगो, तसं इथे काही नाही. दाट ओक, खाली रिंगाळचा बांबू, धुकं, त्यात तो लपलेला. तो सापडतो आवाजावरून, एप्रिल-मेमध्ये पहाटे नर ओरडतात, शेळीचं पिल्लू किंवा लहान बाळ रडल्यासारखा लांब आवाज. शिल्टला मी तीन पहाटा थंडीत कुडकुडत बसले, तिन्ही दिवस आवाज ऐकला, पक्षी दिसला नाही. तरी त्या तीन पहाटा माझ्या डोक्यातून गेलेल्या नाहीत. मित्राला एक गोष्ट मात्र बजावून सांगा, स्पीकरवर आवाज वाजवून त्याला बाहेर काढायचा नाही. विणीचा काळ असतो, जगात उरलेत थोडे, फोटोसाठी त्याला घरट्याच्या हद्दीवरून उठवायचं नाही.

प्रश्न : बाबा ६८ वर्षांचे, गुडघे दुखतात, पण हिमालय बघायची फार इच्छा आहे. ते म्हणतात तुम्ही जा, मी पारसिकच्या टेकडीवर चक्कर मारतो. त्यांना या पार्कला नेण्यात अर्थ आहे का? – नेरूळ

न्याच. पार्कच्या आत जाता येणार नाही पण सैंज खोऱ्यातल्या शांगडला न्या, गाडी गावापर्यंत जाते. देवदारांनी चहूबाजूंनी वेढलेलं मोठं हिरवं कुरण आहे, शांगचूल महादेवाच्या मालकीचं. आपल्याकडे देवराईतली काटकीसुद्धा उचलत नाहीत ना, तसा तिथे नियम आहे, दारू नाही, भांडण नाही, कचरा नाही. पांडवांनी इथली माती चाळली म्हणून कुरणात खडा सापडत नाही असं गावकरी सांगतात. बाबांना तिथल्या गवतावर अनवाणी चालू द्या, गुडघ्यांना त्रास होणार नाही. काठकुणीचं घर असेल असा होमस्टे बघा, दगड आणि लाकडाचे थर एकावर एक, पण खोली तळमजल्याची मागून घ्या कारण त्या घरांचे लाकडी जिने उभे असतात. जलोरीवर न्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, उंची आहे. गरम कपडे मेमध्येसुद्धा घ्या, संध्याकाळी पाचनंतर गारठा पडतो. आणि एक साधी प्लॅस्टिकची घडीची खुर्ची गाडीत टाका, कुरणाच्या कडेला मांडून द्या, चहाचा थर्मास जवळ ठेवा आणि तुम्ही फिरून या, ते तिथून उठायला तयार होतील असं मला वाटत नाही.