जुनं स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर घेतलंय, मूठ बदललेली आणि घोड्याचं (काडतुसावर आपटणाऱ्या हॅमरचं) टोक कापलेलं आहे. मॉडेल कसं ओळखू, निगा कशी राखू?

आधी सिलिंडर (काडतुसांचा फिरता भाग) बाजूला उघडून काडतुसं काढा, मग तो धरणारा हात फ्रेमच्या ज्या खाचेत बसतो तिथे पाहा. मॉडेल नंबर तिथेच ठोकलेला असतो. ‘१९-३’ असेल तर मॉडेल १९, आणि ३ म्हणजे कारखान्याने केलेल्या फेरबदलाचा क्रमांक. हे आकडे १९५७ पासूनचे, त्याआधीच्या नगावर शोधत बसू नका. त्याच खाचेतला दुसरा आकडा बऱ्याचदा कारखान्यातल्या जुळणीचा (असेंब्लीचा) असतो आणि लोक त्यालाच सिरियल नंबर समजतात. खरा सिरियल नंबर सहसा मुठीच्या आतल्या धातूच्या सांगाड्याच्या तळाशी असतो, तुमच्या बदललेल्या मुठीखाली झाकला गेला असेल.

अर्थात नंबरावरून मूळ नग कळतो, नंतर कोणी काय कोरलं-घासलं ते नाही. म्हणून नळीवरच्या कॅलिबरवर विसंबू नका, सिलिंडरमधली काडतुसांची घरं बंदुकीच्या कारागिराकडून मोजून घ्या. घोडा कापणाऱ्याने बहुधा चापही हलका केलेला असतो. मुठीच्या पुढच्या बाजूचा, मेनस्प्रिंगला (घोडा आपटवणाऱ्या स्प्रिंगला) ताण देणारा स्क्रू सैल केला की चाप मऊ लागतो, पण काडतूस फुसकं जातं.

निगेचं म्हणाल तर:
- निकेलचा मुलामा असेल तर अमोनियाचं सॉल्व्हंट नको.
- शिसं काढणारं कापड ब्लूइंगही (पोलादावरचा काळा-निळा थर) काढतं.
- सिलिंडर मनगटाच्या झटक्याने बंद करू नका, धरणारा हात वाकतो. सिनेमात शोभतं ते.