पेशीच्या पडद्यातून पाणी इतक्या झपाट्याने कसं जातं, आणि हे कोणी शोधलं?

तुम्ही खानापूरहून विचारलंय, मराठी शाळेतून पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला गेल्यावर हा धडा इंग्रजीत समजत नाही म्हणून. बेळगावात अशा मुलांना मी रोज शिकवतो, म्हणून मराठीतच सांगतो.

पेशीचा पडदा, म्हणजेच पेशीपटल, हे स्निग्ध रेणूंचे दोन थर असतात. तेलातून पाणी सहज जात नाही, तसंच इथेही. थोडं झिरपतं, पण तांबड्या रक्तपेशीत पाणी ज्या वेगाने जातं त्याचा हिशेब या झिरपण्याने लागत नव्हता.

अमेरिकेतले पीटर आग्रे खरं तर रक्तगटाच्या आरएच प्रथिनावर काम करत होते. त्यात एक भलतंच प्रथिन वारंवार सापडू लागलं. ते त्यांनी टाकून दिलं नाही, हेच मला सगळ्यात मोठं वाटतं. १९९२ साली त्यांच्या गटाने बेडकाच्या अंड्यांत हे प्रथिन तयार करवलं आणि ती साध्या, मीठ नसलेल्या पाण्यात सोडली. पाणी आत शिरून अंडी टरारून फुगली आणि फुटली! प्रथिन नसलेली तशीच राहिली. हीच पाण्याची वाट, अ‍ॅक्वापोरिन. पाण्याचे रेणू तिच्यातून एकामागोमाग एक जातात, प्रोटॉन (हायड्रोजनचा धन आयन) मात्र अडतो.

२००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल आग्रे आणि पेशीपटलातल्या पोटॅशियमच्या वाटेची रचना उलगडणारे रॉडरिक मॅकिनन यांना मिळालं.

घरी कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवा. तासाभरात वाटीत पाणी सुटेल, ते बाहेरच्या मिठामुळे पेशींतूनच बाहेर आलेलं असतं.