मसुदा वाच, बातमी नंतर

भाऊ, तू जळगावात बसून तंत्रज्ञान-कायद्यांवर लिहिणार म्हणतोस, चांगलंय. पण कंपन्यांचं लॉबिंग, म्हणजे नियम आपल्या सोयीचे व्हावेत म्हणून त्यांनी सरकारदरबारी केलेले प्रयत्न, समजून घ्यायचे तर संसदेतल्या भाषणांपासून सुरुवात करू नकोस. केळीचा भाव बोर्डावर लागण्याआधीच बोलणी झालेली असतात, हे रावेरकडच्या माणसाला मी काय सांगावं!

सुरुवात 'ट्राय'पासून, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणापासून कर. नियम करण्याआधी मतं मागवायला काढलेल्या सल्लापत्रावर आलेले अभिप्राय आणि त्यांवरचे प्रति-अभिप्राय ट्राय संकेतस्थळावर टाकते. कंटाळवाणं काम आहे, पण कंपनीनं काय मागितलं आणि अंतिम नियमात काय उतरलं, हे शेजारी ठेवून वाच. पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझ्या दोन रात्री गेल्या.

फ्री बेसिक्सचं, म्हणजे ठरावीक संकेतस्थळं फुकट दाखवणाऱ्या फेसबुकच्या योजनेचं, प्रकरण नमुना म्हणून घे. फेसबुकनं आपल्या वापरकर्त्यांकडून ट्रायला एकाच साच्यातल्या ईमेल पाठवून घेतल्या. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यांत नाहीत, असं ट्रायनं सुनावलं. 8 फेब्रुवारी 2016 ला मजकूर पाहून वेगवेगळे डेटा-दर लावण्यावर बंदी आली. म्हणजे मुद्देसूद उत्तर लिही, गठ्ठ्याला भुलू नकोस.

उलट उदाहरण वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या नियमांचं. जानेवारी 2025 मध्ये मसुदा आला, पण आलेल्या सूचना जाहीर करणार नाही, असं माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयानं आधीच सांगून टाकलं. तिथे कोणी काय मागितलं, कसं कळणार? अमेरिकेत 1995 चा लॉबिंग नोंदणीचा कायदा आहे. आपल्याकडे तसा कायदाच नाही. मग उद्योग संघटनांची जाहीर निवेदनं धुंडाळायची.

आणि प्रत्येक लॉबिंग म्हणजे लाच, असं लिहू नकोस. उद्या आपली ग्राहक मंडळीही तेच करतील.