नोटरीचा शिक्का कुठवर चालतो?

प्रश्न : मुलाची दुबईच्या कंपनीत निवड झाली आहे. त्यांनी नागपूर विद्यापीठाची बी.ई.ची डिग्री अटेस्ट करून मागितली आहे. झेरॉक्सवाला म्हणतो, रंगीत झेरॉक्सवर नोटरी करा, अपोस्टिलचं स्टिकर लावा, झालं. शिवाय एक प्रतिज्ञापत्र हवं आहे. मुलगा पुण्यात असल्याने त्याने सही करून ते कुरिअरनं पाठवलं आहे. ते इथे नोटरी करून मिळेल का?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : काका, आधी प्रतिज्ञापत्राचं सांगते. नाही मिळणार. सिव्हिल लाइन्सला कोर्टाजवळ माझ्या नोटरीच्या टेबलाशी हे रोजचंच आहे : "मॅडम, सही तर झालीच आहे, शिक्का तेवढा मारून द्या ना जी!" अहो, पण शिक्का कशाचा? हा माणूस माझ्यासमोर आला, ओळखपत्रावरून मी त्याची ओळख पटवली, त्यानं शपथेवर सांगितलं आणि माझ्या डोळ्यांदेखत सही केली, याचा. माझ्या नोंदवहीतही त्याची सही लागते. पुण्यातल्या पोराची सही मी नागपुरात बसून पाहिली, असं कसं लिहू? त्यानं तिथलाच नोटरी गाठावा आणि सही न केलेलं प्रतिज्ञापत्र घेऊन जावं. नोटरी कायदा 1952 चा आहे, देशभर एकच. नागपूरचाच शिक्का हवा असं काही नाही. माणूस समोर नसताना शिक्का मारून देणारा कुणी भेटलाच, तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

आता डिग्री. अपोस्टिल म्हणजे कागदावरची सही-मोहर खरी असल्याचं सरकारी प्रमाणपत्र. ते चालतं 1961 च्या हेग कराराला मानणाऱ्या देशांत. भारतासाठी तो करार जुलै 2005 पासून लागू आहे. आखातात ओमान, बहरीन त्यात आहेत, 2022 च्या डिसेंबरपासून सौदीही आहे. संयुक्त अरब अमिरात नाही, म्हणून दुबईसाठी अपोस्टिल कामाचं नाही. तिथे लांबचा रस्ता आहे : विद्यापीठाची पडताळणी, राज्य सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याची सही, दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचं अटेस्टेशन, मग अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का, आणि शेवटी तिकडच्या परराष्ट्र मंत्रालयाचा.

एवढे शिक्के कशाला, असं घरोघरी विचारतात. तुमचा मुलगा खरंच इंजिनिअर झाला का, हे यातलं एकटं विद्यापीठ सांगू शकतं. त्यापुढचा प्रत्येक जण फक्त एवढंच म्हणतो की आधीची सही ज्याची आहे म्हणतात त्याचीच आहे आणि त्याला ती करायचा अधिकार होता. अपोस्टिलच्या स्टिकरवरही सही कुणाची, कोणत्या नात्यानं केली, मोहर कुणाची, हेच छापलेलं असतं. डिग्रीत काय लिहिलंय त्याची हमी तिथे कुणीच घेत नाही. झेरॉक्सवर मी 'खरी प्रत' म्हणून सही केली, तर माझंही म्हणणं इतकंच की मूळ कागद पाहिला, प्रत त्याच्याशी जुळते. म्हणून असल्या कामाला मूळ डिग्रीच काढावी लागते, शिक्के तिच्याच पाठीवर बसतात. आणि डिग्री हौसेनं लॅमिनेट करून ठेवली असेल, तर शिक्का मारायचा कुठे हा प्रश्न येतो. घाईघाईत प्लास्टिक सोलू नका, शाई निघून येते. विद्यापीठातून दुय्यम प्रत काढणं बरं.

दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय 2012 पासून थेट लोकांकडून कागद घेत नाही, नेमून दिलेल्या एजन्सीमार्फतच घेतं. साध्या अटेस्टेशनला मंत्रालयाची फी नाही, अपोस्टिलला कागदामागे 50 रुपये आहे. बाकी सगळे सेवाशुल्क आणि दलाली. एजंट दहा हजार सांगत असेल तर बिलात सरकारी फी वेगळी लिहून मागा. चेहरा बघण्यासारखा होतो.

प्रश्न : सोमलवाड्यातला फ्लॅट विकायचा आहे. तो भावाच्या नावावर आहे आणि भाऊ टोरंटोला. कुलमुखत्यारपत्र मागवलं, तर त्यानं सही करून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला!
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : ताई, फोटोवर दस्त नोंदवला जात नाही. मूळ कागद हवा. नोंदणी कायद्याच्या कलम 33 प्रमाणे परदेशातलं मुखत्यारपत्र तिथल्या नोटरीपुढे किंवा भारतीय वाणिज्य दूतावासात सही करून साक्षांकित व्हावं लागतं. कॅनडात 11 जानेवारी 2024 पासून अपोस्टिल मिळतं. त्यामुळे भावानं नोटरीकडे जाऊन वर अपोस्टिल घेतलं, तर दुय्यम निबंधकाकडे वाद कमी होतो.

मजकुराकडे नीट बघा. 'माझ्या सर्व मिळकतींचे व्यवहार' असलं मोघम नको. मौजा, खसरा क्रमांक, फ्लॅट क्रमांक, मजला सगळं यावं, आणि विक्रीपत्रावर सही करण्याचा व ते नोंदणीसाठी सादर करण्याचा अधिकार, हे दोन्ही स्पष्ट शब्दांत यावेत. दुसरा राहिला की खिडकीवरून परत येता.

कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरायचं असतं. कुरिअरचं पाकीट फेकू नका. तारखेचा पुरावा तोच. मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात जाताना ते कागदासोबत न्या.

प्रश्न : लेक-जावई जर्मनीत. तिथल्या कार्यालयाला लग्नाचा दाखला हवा आहे. महापालिकेच्या दाखल्यावर अपोस्टिल करून पाठवू का?
— एक वाचक, सदर

उत्तर : थांबा, पैसे घालू नका. जर्मनी हेग करारात आहे, पण भारताच्या सहभागावर तिनं हरकत घेतली, त्यामुळे आपलं अपोस्टिल तिथे बंधनकारक नाही. तिथलं कार्यालय गरज पडली तर भारतातल्या जर्मन वकिलातीमार्फत दाखल्याची शहानिशा स्वतः करवून घेतं. लेकीला सांगा, त्या कार्यालयाला ई-मेल करून नेमकं काय हवं ते लेखी मागव, भाषांतर कुणाकडचं चालेल तेही विचार. तोवर महापालिकेतून दाखल्याची ताजी प्रत काढून ठेवा आणि त्यावरचं तिचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बघा. माहेरचं आडनाव एकीकडे, सासरचं दुसरीकडे, असं निघालं तर तेवढं मात्र आत्ताच निस्तरा.