फार्मसी कौन्सिलवर किती वेळा निवडून येता येतं?

प्रश्न : मॅडम, मी रजिस्टर्ड फार्मसिस्ट आहे, तालुक्याच्या गावी स्वतःचं मेडिकल आहे. आमच्या संघटनेच्या बैठकीत वाद झाला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, स्टेट फार्मसी कौन्सिलवर (राज्यातल्या फार्मसिस्टांचं रजिस्टर ठेवणाऱ्या संस्थेवर) माणूस हवा तितक्या वेळा निवडून येऊ शकतो. बाकीच्यांचं म्हणणं, दोनच टर्म मिळतात. कायदा काय सांगतो? दोन टर्मची मर्यादा हवी असा ठराव केला, तर त्याचा काही उपयोग होईल का? अनुभवी माणसं बाहेर गेल्यानं कौन्सिलचं नुकसान होईल, असंही काहींना वाटतं.
– एक वाचक, बार्शी

उत्तर : तुमच्या ज्येष्ठांचं बरोबर आहे. फार्मसी अ‍ॅक्ट, 1948 च्या कलम 25 प्रमाणे सदस्याची मुदत पाच वर्षांची, आणि मुदत संपल्यावर तो पुन्हा निवडून यायला किंवा पुन्हा नेमला जायला पात्र असतो. किती वेळा, याबद्दल कलमात काहीही नाही. दोन टर्मची समजूत बहुधा सहकारी बँकांवरून आली असावी. तिथे संचालकाला सलग आठ वर्षांची मर्यादा होती, 1 ऑगस्ट 2025 पासून ती दहा झाली, म्हणजे दोन पूर्ण टर्म. ज्याच्या-त्याच्या ओळखीत एखादा बँक संचालक असतोच, त्यामुळे तोच नियम सगळीकडे असेल असं आपण धरून चालतो.

पण कलम 25 मधली खरी अडचण वेगळीच आहे. डी.फार्म.च्या (फार्मसी डिप्लोमाच्या) मुलांना ज्युरिसप्रुडन्स, म्हणजे फार्मसीचे कायदे, शिकवताना मी तिथे मुद्दाम थांबायचे. मुलं ‘मुदत पाच वर्षं’ एवढंच पाठ म्हणायची आणि पुढचं सोडून द्यायची. पुढचं असं आहे : पाच वर्षं, किंवा त्या जागी दुसरा सदस्य रीतसर येईपर्यंतचा काळ, यांपैकी जो जास्त असेल तो. याचा अर्थ निवडणूक जितकी लांबेल तितकी मुदतही लांबते. त्यासाठी कुणाला अर्ज करावा लागत नाही, सरकारला आदेश काढावा लागत नाही. वकिलांच्या 1961 च्या कायद्यात निदान कागदावर तरी याला आडकाठी आहे. तिथे बार कौन्सिल ऑफ इंडियाला (वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेला) राज्याच्या बार कौन्सिलच्या सदस्यांना फार तर सहा महिन्यांची वाढ देता येते, तेवढ्यातही निवडणूक झाली नाही तर कलम 8-अ प्रमाणे विशेष समितीनं कारभार हाती घ्यायचा. तरीही राज्यांच्या बार कौन्सिलांच्या निवडणुका रखडल्या आणि 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाला त्या घ्यायला सांगावं लागलं. आपल्या कायद्यात तर तेवढीही आडकाठी नाही. म्हणून नुसती ‘दोन टर्म’ मागून भागणार नाही. दुसरी टर्म कधी संपली हेच ठरत नसेल, तर तिसरी मिळाली नाही याला काय अर्थ?

हे सगळं एवढं महत्त्वाचं का, तेही सांगते. कौन्सिल म्हणजे नुसतं रजिस्टर सांभाळणारं ऑफिस असतं, तर कोण किती वर्षं बसलं याची मी फिकीर केली नसती. आपल्या धंद्यातलं जुनं दुखणं तुम्हाला ठाऊक आहे : सर्टिफिकेट भाड्यानं देणं. भिंतीवर एकाचं नाव, काउंटरवर दुसराच पोरगा, आणि चिठ्ठीवरचं अँटिबायोटिक तोच काढून देतो. कलम 42 प्रमाणे रजिस्टर्ड फार्मसिस्टशिवाय दुसऱ्यानं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कोर्ट आपण होऊन हा खटला चालवू शकत नाही. सरकारनं, सरकारनं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानं किंवा कौन्सिलच्या कार्यकारी समितीनं सांगितलं तरच तक्रार दाखल होते. फार्मसिस्टचं नाव रजिस्टरमधून काढायचं की नाही, याची चौकशीही हीच समिती करते. आता समितीवरच्या माणसाला पुन्हा उभं राहायचं असेल, तर ज्यांच्यावर कारवाई करायची त्यांच्याकडेच त्याला मतं मागायला जायचं असतं. माणूस प्रामाणिक असला तरी हात आखडतो. निदान शेवटच्या टर्ममध्ये तरी त्याला मतांची चिंता नसावी, एवढ्यासाठीच मला मर्यादा हवी आहे. खुर्चीचा मोह वगैरे भाषणातले मुद्दे मी बाजूला ठेवते.

अनुभवाची शंका रास्त आहे, तिला उत्तरही आहे. आपल्या कौन्सिलवर 15 जण असतात : सहा आपण निवडून दिलेले, पाच राज्य सरकारनं नेमलेले, एक मेडिकल कौन्सिलनं पाठवलेला आणि तीन पदसिद्ध, म्हणजे सरकारी हुद्द्यामुळे आपोआप सदस्य झालेले. पदसिद्धांना मर्यादेचा प्रश्नच येत नाही. निवडून येणारे सहा एकदम बदलतील हे खरं. पण नेमलेल्या सदस्याची मुदत त्याच्या नेमणुकीच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे सरकारनं मनात आणलं तर त्या पाच जणांच्या तारखा मागेपुढे ठेवता येतील आणि निम्मी जुनी माणसं कायम राहतील. शिवाय फाइल कुठे आहे आणि मागे काय ठरलं होतं, हे रजिस्ट्रार आणि ऑफिसातले लोक सदस्यांपेक्षा जास्त जाणतात.

मर्यादा कडक किती असावी? डॉक्टरांच्या राष्ट्रीय आयोगाच्या 2019 च्या कायद्यात अध्यक्षाला जास्तीत जास्त चार वर्षं मिळतात, फेरनेमणूक नाही. जुन्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या अध्यक्षांना 2010 मध्ये सीबीआयनं अटक केली, पाठोपाठ ती कौन्सिलच बरखास्त झाली. एवढं घडून गेल्यावर असा कायदा येणारच. पण तिथे माणसं नेमली जातात. आपण मत देऊन पाठवतो, तेव्हा चांगल्या माणसाला पुन्हा पाठवायचा हक्क आपल्याकडे राहिला पाहिजे. माझं मत : लागोपाठ दोन टर्म, मग पाच वर्षांची सुट्टी, त्यानंतर लढायचं असेल तर खुशाल लढावं.

आता ठरावाबद्दल. कौन्सिलनं स्वतः ठराव करून किंवा राज्य सरकारनं नियम काढून हे होणार नाही, कारण कायदा ज्याला पात्र म्हणतो त्याला नियम अपात्र ठरवू शकत नाही. बदल कायद्यातच व्हायला हवा. ‘विधी, वैद्यक आणि इतर व्यवसाय’ हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांत आहे, त्यामुळे संसद तो करू शकते. विधानमंडळालाही करता येईल, मात्र केंद्राच्या कायद्याशी विसंगत दुरुस्ती असल्यानं राष्ट्रपतींची संमती लागेल. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं नोव्हेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय फार्मसी आयोगाच्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या मतांसाठी मांडला होता. तेव्हा ठरावाची एक प्रत त्या मंत्रालयाला आणि एक तुमच्या आमदारांना पाठवा. मजकूर दोन वाक्यांत बसतो : ‘कोणाही सदस्याला लागोपाठ दोनपेक्षा जास्त वेळा पद भूषवता येणार नाही. मुदत संपून सहा महिन्यांत निवडणूक न झाल्यास सदस्यत्व आपोआप संपेल.’ दुसरं वाक्य बैठकीत कुणी गाळायला सांगितलं, तर अजिबात ऐकू नका.

प्रश्न : माझं रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं राहून गेलंय. कौन्सिलच्या निवडणुकीत मला मत देता येईल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाव रजिस्टरमधून कमी झालं असेल तर नाही. कलम 34 प्रमाणे फी वेळेत भरली नाही तर रजिस्ट्रारला नाव काढावं लागतं. थकबाकी भरल्यावर ते पुन्हा घालता येतं. निवडणूक जाहीर होण्याची वाट न बघता या आठवड्यातच फी भरा, आणि पत्ता बदलला असेल तर तोही कळवा.